सूतभर ढील

"सर, स्क्रूचं भोक जरा लांबट करूया की."

शरयू चौगुले हे इतक्या सहज म्हणाली, की माझ्या हातातला मायक्रोमीटर पडता पडता राहिला.

"काय करूया म्हणालीस?"

"लांबट ओ. म्हणजे स्क्रू ढिला केला की ठोकळा थोडा इकडं-तिकडं सरकवता येईल. कानस द्या, मी घासतो."

आमच्या कोल्हापुरात मुलीही 'मी घासतो', 'मी येतो' असंच म्हणतात. त्याचं मला काही नव्हतं. मला धक्का बसला तो लांबट भोकाचा. माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये फिटर घडवण्यात गेली. तिथं लांबट भोक म्हणजे माप न जमलेल्या माणसानं लपवलेली लाज. एखाद्या पोरानं तसं भोक केलेलं दिसलं की मी त्याचा ठोकळा सगळ्या वर्गात फिरवायचो आणि शेवटी त्याच्याच हातात देऊन विचारायचो, "हे भोक आहे की खिडकी?" वर्ग हसायचा. मलाही तो विनोद फार आवडायचा. दरवर्षी करायचो.

"शरयू," मी म्हटलं, "माप बरोबर असेल तर काहीही सरकवावं लागत नाही."

"आणि नसलं तर?"

"माझं?"

कॉम्प्युटरमागून इम्तियाज मुजावर डोकावला. "शरयू, गप बस की. सरांचं माप चुकत नसतंय."

त्याच्या आवाजात आदर आहे, असं मी तेव्हा धरून चाललो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतर मी घराजवळच्या शाळेत दर शनिवारी मुलांना हत्यारं धरायला शिकवत असे. शाळेनं त्यासाठी मागची एक खोली दिली होती. काम घट्ट धरायला दोन व्हाइस, एक ड्रिल मशीन, एक जुनं छोटं लेथ, आणि भिंतीवर माझ्या अक्षरात 'घाई नको'. मी मुलांवर कधी ओरडत नसे. "सरनाईक सरांची सहनशक्ती म्हणजे कमाल," असं स्टाफरूममध्ये म्हणत, आणि ते माझ्या कानावर येईल अशा बेतानं मी स्टाफरूमच्या आसपास असे.

सुरुवातीला खोलीत डझनभर मुलं होती. जानेवारीपर्यंत दोनच उरली. नववीतली शरयू आणि तिच्याच वर्गातला इम्तियाज. मग एके दिवशी मुख्याध्यापिका घाटगे मॅडमनी मला बोलावून घेतलं.

"सर, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "अबॅकसवाले खोली मागायलेत. जूनपासून. त्यांची चाळीस पोरं हाईत, तुमची दोन. मी काय उत्तर देऊ?"

"मुलं वाढतील," मी म्हटलं.

"कशी?"

घरी जाऊन पत्नीला सांगितलं, तर तिचाच चेहरा पडला. "म्हणजे आता शनिवारी तुम्ही घरी?" ती म्हणाली. "माझ्या डब्यांची झाकणं मोजत बसाल."

मार्ग काढला तो मुलांनीच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्नेहसंमेलन होतं. त्यात लेझरनं पडद्यावर हलतं चित्र काढून दाखवायचं. सगळी शाळा बघेल, आणि ज्याला वाटेल तो शनिवारी येईल. मॅडमनाही ते पटलं. "पोरं आली तर खोली तुमची," त्या म्हणाल्या. "नाही आली तर मला पुन्हा विचारू नका."

यंत्र साधं होतं. एका लाकडी खोक्यात हरभऱ्याएवढे तीन लेझर डायोड, लाल, हिरवा आणि निळा. इम्तियाजच्या मामाचं दुरुस्तीचं दुकान होतं, तिथल्या मोडीत काढलेल्या यंत्रांमधून ते मिळाले. तिन्हींचे किरण रंगीत काचांवरून वळवून एकाच रेषेत आणायचे. ते एकमेकांवर तंतोतंत बसले की पांढरा किरण होतो. तो दोन थरथरणाऱ्या आरशांवर पाडला की ठिपका इतक्या वेगानं पळतो, की डोळ्यांना रेघ दिसते, आणि रेघांचं चित्र. इम्तियाजनं कॉम्प्युटरवर पैलवान काढला होता. दोन पावलं पुढं यायचा आणि शड्डू ठोकायचा.

लेझर डोळ्यांत गेला तर डोळा जातो. म्हणून झाकण उघडं असताना चष्म्याशिवाय कुणी खोलीत यायचं नाही, आणि किरण कायम माणसांच्या डोक्यावरून जाईल, हे दोन नियम मी घातले. ते नियम चांगले होते. या गोष्टीत मला बढाई मारता येईल असं तेवढंच आहे.

बाकी माझ्याकडं काम होतं डायोडच्या बैठकांचं. बैठक म्हणजे पितळेचा चौकोनी ठोकळा. त्याच्या मधोमध भोक, त्यात डायोड दाबून बसवायचा आणि ठोकळा स्क्रूंनी खोक्याच्या तळाच्या पाटीवर घट्ट करायचा. ठोकळा वाकडा, तर किरण वाकडा. हे ऐकलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मी उद्यमनगरातल्या कारखान्यांतून पितळ निवडून आणलं. चार ठोकळे केले, तीन लावायला आणि एक जादा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजले. मग त्यांना पॉलिश केलं. त्याची काही गरज नव्हती, कारण ते बंद खोक्यात जाणार होते. पण मला त्यात माझा चेहरा दिसत होता.

स्क्रू नुसते आवळून मी थांबलो नाही. ठोकळा कधी जागचा हलूच नये म्हणून प्रत्येकाला पाटीतून आरपार दोन पोलादी पिना ठोकल्या.

"सर, आता हलवायचं म्हटलं तर?" शरयूनं विचारलं.

"म्हणूनच ठोकल्या," मी म्हटलं.

खोलीतली समोरची भिंत टेबलापासून जेमतेम पाच-सहा फुटांवर. चष्मे लावून आम्ही यंत्र चालू केलं. भिंतीवर वीतभर पांढरा पैलवान उभा राहिला. इम्तियाजनं टाळ्या वाजवल्या. पैलवानाच्या एका बाजूला किंचित लाल कड दिसत होती, दुसऱ्या बाजूला निळी.

"कडा दिसायल्यात सर," शरयू म्हणाली.

"भिंतीचा रंग आहे तो," मी म्हटलं.

संमेलनाच्या आदल्या दुपारी आम्ही खोकं सभागृहाच्या मागच्या माळ्यावर चढवलं. तिथून किरण सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट रंगमंचावर जाणार होता. खिडक्यांचे पडदे ओढले. इम्तियाजनं कळ दाबली.

पैलवान आले. तीन.

हिरवा मधोमध होता. लाल त्याच्यापासून चार हात डावीकडं, कुणाशी तरी भांडण झाल्यासारखा. निळा पडद्याच्याही वर गेला होता आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलेल्या 'शिस्त' या शब्दावर उभा राहून शड्डू ठोकत होता.

खाली खुर्च्या लावून घेत असलेल्या घाटगे मॅडमनी मान वर केली. "सर, हे असंच असतंय काय?"

"थोडं जुळवायचं आहे," मी म्हटलं.

"उद्या होईल न्हवं? अबॅकसवाले पण यायलेत कार्यक्रमाला. खोलीचं माप घेऊन जातो म्हणालेत."

माझ्या खोलीचं माप दुसरं कुणीतरी घेणार, हे मला जरा जास्तच लागलं. मी यंत्र बंद केलं, झाकण उघडलं आणि मायक्रोमीटर काढला. ठोकळे मोजले. बरोबर. भोकं मोजली. बरोबर. खोक्याची पाटी सपाट आहे का पाहिली. सपाट. मग मी खाली उतरलो आणि रंगमंचाच्या भिंतीला ओळंबा लावला.

"सर काय करायलेत?" इम्तियाजनं माळ्यावरून शरयूला विचारलेलं मला ऐकू आलं.

"शाळा वाकडी हाय का बघायलेत," ती म्हणाली.

शाळा सरळ निघाली. मी जिना चढून वर आलो तेव्हा माझ्याकडं मोजायला काही उरलं नव्हतं. दोघांनी मात्र चष्मे लावले होते, आणि शरयूनं जादाच्या ठोकळ्यात शिल्लक राहिलेला एक लाल डायोड बसवून टेबलावर ठेवला होता. समोर माळ्याच्या कोपऱ्यात कोरा कागद चिकटवलेला. कागदावर लाल ठिपका पडला होता, त्यावर तिनं पेन्सिलनं फुली मारली.

"सर, चष्मा घाला आणि बघा." तिनं ठोकळा दुसऱ्या कुशीवर ठेवला. ठिपका दुसरीकडं गेला. तिथं फुली. तिसरी कूस, तिसरी जागा. चौथी, चौथी. "भोक मधोमध हाय. तुम्हीच मोजलंय. मग ठोकळा कसाही ठेवला तरी ठिपका एकाच जागी पडायला पाहिजे का नको?"

"पाहिजे," मी म्हटलं.

"मग? बैठक सरळ हाय सर. बसणाराच वाकडा बसलाय."

डायोडच्या त्या इवल्या डबीत आतला चकाकणारा कण कारखान्यातूनच जरासा तिरका येतो, आणि प्रत्येक डबीत वेगळा तिरका येतो, हे मला त्या दुपारी कळलं. मी बैठक शंभराव्या भागापर्यंत मोजली होती. बसणाऱ्याला एकदाही विचारलं नव्हतं. खोलीत पाच-सहा फुटांवर तो तिरकेपणा नुसती कड होऊन दिसला. इथं सभागृहाच्या लांबीवर त्याचे चार हात झाले.

"आता?" मी विचारलं. हा प्रश्न मी त्या दोघांना पहिल्यांदाच विचारत होतो, त्यामुळे दोघंही जरा दचकली.

शरयूकडं उत्तर तयार होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण तिनं ते जरा वेळ धरून ठेवलं. लहान असली तरी तिला माणसांची कदर होती.

"पिना काढायच्या," ती शेवटी म्हणाली. "स्क्रूची भोकं मोठी करायची. ठोकळ्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायचा आणि तीन स्क्रूंवर ठोकळा तरंगता ठेवायचा. ज्या बाजूचा स्क्रू आवळू, त्या बाजूला किरण झुकेल. आणि झाकणाला बाहेरून छोटी भोकं पाडू, म्हणजे झाकण बंद ठेवूनच स्क्रू फिरवता येतील. तुमचा नियमपण राहील."

"किती मोठी भोकं?"

"सूतभर ढील पाहिजे सर."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी कानस हातात घेतली. चकाकणाऱ्या पितळेवर टेकवली. त्यात माझा चेहरा दिसत होता. मी कानस खाली ठेवली.

"सर," शरयू म्हणाली, "तुम्ही जरा चहा घेऊन या."

"मला नको चहा."

"आम्हाला पाहिजे."

मी गेलो. शाळेसमोरच्या टपरीवर उभा राहिलो, पण सभागृहाची मागची खिडकी त्याच बाजूला. कानसीचा आवाज येत होता. दाताच्या दवाखान्यात बाहेर बाकावर बसलेल्या माणसाची जी अवस्था होते, तशी माझी झाली. टपरीवाल्यानं विचारलं, "सर, बरं वाटत नाही काय?" मी म्हटलं, "आत जरा काम चाललंय."

चहा घेऊन परत आलो तेव्हा ठोकळे पाटीवर बसले होते. चारी बाजूंनी ओरखडे, खाली काळं रबर, भोकं... ती खिडकीच होती. मी चहाचे कप टेबलावर ठेवले. इम्तियाज खाली जाऊन पडद्याकडं तोंड करून उभा राहिला, शरयूनं झाकणातून स्क्रूड्रायव्हर घातला. मला बॅटरी धरायला सांगितली.

"डावीकडं!" इम्तियाज ओरडला. "अजून. अजून. बास, पुढं गेला. माघारी. एवढा नव्हं, केसभर!"

"केसभरच फिरवला की रे!"

"मग अर्धा केस!"

असं किती वेळ चाललं, कोण जाणे. लाल बसला की निळा हलायचा. निळा बसवला की लाल सुटायचा. दोघांपैकी कुणीही एकदासुद्धा वैतागलं नाही. बॅटरी धरून माझाच हात भरून आला होता, आणि मी दोनदा "सोडून द्या, आता उद्या बघू" म्हणालो. दोन्ही वेळा ती दोघं एकदम म्हणाली, "घाई नको सर."

शेवटी तिघे पैलवान एकमेकांत शिरले आणि पडद्यावर एकच पैलवान राहिला. पांढरा, दुधासारखा. आम्ही गार झालेला चहा प्यालो.

"मला एक सांगा," मी म्हटलं. "बाकीची मुलं का गेली?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"खरं सांगू?" इम्तियाज म्हणाला. "ठोकळा घासून घासून."

"म्हणजे?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांना ठोकळा दिला घासायला," शरयू म्हणाली. "सपाट झाल्याशिवाय पुढचं नाही म्हणाला. प्रणीतनं दिवाळीपर्यंत एकच बाजू घासली सर. त्याला हेलिकॉप्टर करायचं होतं."

"मला कधी बोलला नाही तो."

"बोलला की. तुम्ही म्हणाला, आधी सपाटी, मग हेलिकॉप्टर. लई शांतपणे म्हणाला. तुम्ही ओरडला असता तर तो तरी भांडला असता."

मी माझ्या सहनशक्तीविषयी आजवर स्टाफरूममध्ये ऐकलेलं सगळं मनात आठवून पाहिलं. कुठल्याच वाक्यात प्रणीतचं नाव नव्हतं.

"मग तुम्ही दोघं का नाही गेलात?"

"माझं घर जवळ हाय," इम्तियाज म्हणाला.

"आणि तुम्ही चिक्की देताय," शरयू म्हणाली. मग जरा विचार करून तिनं भर घातली, "आणि तुम्ही तसं चांगलं शिकवताय सर. फक्त लई उशिरा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. पालक, मुलं, पहिल्या रांगेत पाहुणे, आणि त्यांच्यामागं हातात टेप घेऊन बसलेले अबॅकसवाले. आम्ही माळ्यावर. साऊंडवाल्यानं मागच्यांना ऐकू यावं म्हणून एक भलामोठा स्पीकर वर आणला आणि आमच्या टेबलाला चिकटून ठेवला. मी त्याला सरकव म्हणालो. तो म्हणाला, "वायर पुरत नाही."

दिवे गेले. पांढरा पैलवान पडद्यावर आला, आणि सगळं सभागृह "ओ..." करून उठलं. इम्तियाजनं कुस्तीच्या मैदानातली हलगी लावली होती. पहिली थाप पडली तसं आमचं टेबल थरारलं. दुसरी पडली. रबरावर तरंगणारे माझे ठोकळे त्या तालावर नाचू लागले असणार, कारण पांढऱ्या पैलवानाच्या अंगातून लाल पैलवान हळूच बाहेर निघाला. मग निळा.

"गेलं!" मी म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर खोलीत टेप पसरणारे अबॅकसवाले आले. मी स्क्रूड्रायव्हरवर झडप घातली.

शरयूनं माझी बाही धरली. "थांबा सर."

"अगं, सुटलं सगळं!"

"ऐका तरी."

खालून आवाज येत होता. आधी मला तो हसण्याचा वाटला. मग शब्द कळले. "लाल! लाल!" एका बाजूची पोरं ओरडत होती. दुसरी बाजू ओरडत होती, "निळा! ए निळ्या, घे की त्याला!"

शरयूनं लाल पैलवानाचा स्क्रू फिरवला. लाल सरकत सरकत निळ्याच्या अंगावर गेला. दोघे एकमेकांत मिसळून जांभळे झाले, आणि सभागृहानं छप्पर डोक्यावर घेतलं. तिनं उलटा फिरवला, लाल मागं हटला, शड्डू ठोकला. हिरवा मधोमध पंचासारखा उभा.

"एकट्यानं कुस्ती होत नाही," ती म्हणाली आणि दुसरा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "निळा तुमच्याकडं."

"मी काय करू?"

"खेळा की ओ!"

मी स्क्रू फिरवला. अगदी केसभर. निळा हललाच नाही. "अजून!" इम्तियाज ओरडला. मी आणखी केसभर फिरवला. लाल तोवर दोनदा धडकून गेला होता. खाली पोरं निळ्याच्या नावानं बोंब मारत होती. आयुष्यात मी स्क्रू नेहमी आवळायला फिरवला होता. गंमत म्हणून कधी फिरवला नव्हता. शेवटी मी डोळे मिटून मनगटाला झटका दिला, आणि निळा पैलवान सुटला तो थेट पडद्याच्या खाली, रंगमंचाच्या फळ्यांत गडप झाला.

"चितपट!" सगळी शाळा ओरडली. हलगी थांबली, पण पोरं थांबली नाहीत.

दिवे लागल्यावर घाटगे मॅडम धापा टाकत माळ्याचा जिना चढून आल्या. त्यांच्या पदराला धरून तीन-चार पोरं वर आली होती, आणि जिन्यावर आणखी कितीतरी उभी होती.

"सर, ह्यांना सांगा आता शनिवारी किती वाजता यायचं ते," त्या म्हणाल्या. "मला खालपास्नं वरपर्यंत तेच विचारायलेत. अबॅकसवाल्यांना मी दुसरी खोली बघते."

शरयूनंच पोरांना वेळ सांगितली, आणि वर हेही सांगितलं, की पहिल्याच दिवशी ज्याला जे करायचंय ते बोलायचं, सर ऐकून घेतील. असं मी कधी ठरवलं होतं ते मला आठवेना; पण मी मान हलवली.

मॅडम निघाल्या आणि पहिल्याच पायरीवर थांबल्या. "सर, एक विचारू? तो निळा कोण खेळवत होतं?"

"मी."

"तरीच," त्या म्हणाल्या. "फारच ताठ होता ओ. जागचा हलायलाच तयार नाही."

शरयू आणि इम्तियाज एकदम यंत्राच्या वायरी गुंडाळायला लागली.

"पहिलीच कुस्ती होती, मॅडम," मी म्हटलं.